तिकिटावर विमानाचे मॉडेल छापा

महोदय,
ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जीव गेले. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा एकाच सेन्सरवर विसंबून होती, आणि वैमानिकांना तिची धड कल्पनाही नव्हती! दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने या विमानाला पुन्हा उडण्याची परवानगी दिली, ते ठीकच. पण जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत उडत्या मॅक्सचा दरवाजाच्या जागचा पॅनल निखळला. बोल्टच बसवले नव्हते म्हणे. उजळाईवाडी विमानतळावरून निघालेल्या कोल्हापूरकराला पुढच्या प्रवासात कोणते विमान मिळणार, हे चढेपर्यंत खात्रीने कळत नाही. घरचे मात्र आधी तेच विचारतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मॉडेलचे नाव तिकिटावर ठळक छापायला लावावे आणि नको असेल त्याला विनादंड तिकीट बदलू द्यावे.
– एक प्रवासी, राजारामपुरी, कोल्हापूर