"कागद कोरडा आहे का?" असं विचारणाऱ्या प्लंबरकाकांना

प्रिय काका,

नाव कुठे लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं काका. हे पत्र तुमच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवणार आहेच. पण आभार चारचौघांत मानायचे होते, कारण तुमच्या आधी जे आले त्यांनी आमच्या घराची काय दशा केली तीही चारचौघांनी पाहिली आहे.

माशांची टाकी मी आणि माझ्या मुलीने घरीच बांधली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, दहा एमएमची साधी काच. लहानपणी बाबा आम्हाला डोंबिवलीहून लोकलने मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय मुलीला दाखवायचं राहूनच गेलं, तेव्हा म्हटलं घरातच काहीतरी करू. काचा सिलिकॉनने जोडल्या, व्हिनेगरसारखा तो वास पूर्ण जाईपर्यंत थांबलो, मग पाणी भरलं. एक थेंब गळला नाही. पण वर टाकी, खाली कपाटात फिल्टरचा संप, म्हणजे पाणी गाळणारी दुसरी टाकी, आणि दोघांना जोडणारी पाइपलाइन, हे काम जाणकाराच्या हातचं. म्हणून ज्या दुकानातून सामान घेतलं त्यांनाच माणूस पाठवायला सांगितला.

त्या माणसाने टँक निपलचा, म्हणजे काचेच्या भोकात बसवून पाइप जोडतात त्या तुकड्याचा, रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला न घालता बाहेर नटाखाली घातला. आट्यांमधून पाणी झिरपायला लागलं तर वरून एमसील थापलं. पुन्हा झिरपलं, पुन्हा थापलं. "फिश टँक म्हटल्यावर थोडं ओलं राहणारच," असं सांगून पैसे मोजून घेतले आणि गेला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. दुकानदार म्हणाला, तो आमचा माणूसच नव्हे. मग एका रात्री लाइट गेली, पंप थांबला आणि टाकीतलं पाणी रिटर्नच्या, म्हणजे संपातलं पाणी वर चढवणाऱ्या, पाइपातून उलटं खाली ओढलं गेलं. संप भरून वाहिला, कपाटाचं प्लायवूड फुगलं, खालच्या आजींच्या छतावर हा मोठा डाग उमटला. आजी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आणखी एकाला बोलावलं, त्याने दारातूनच सांगितलं की माशांची कामं आपण करत नाही.

तुम्ही आलात ते आजींच्या बाथरूमचा नळ बदलायला. त्यांनीच तुम्हाला वर पाठवलं. "मासे मला कळत नाहीत, पण पाणी कळतं," असं म्हणून तुम्ही जमिनीवर मांडी घातलीत. जुनं सगळं सोडवलंत. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडलंत, म्हणजे लाइट गेली की पाणी तेवढंच उतरतं, भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. मी पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं विचारलं, तर म्हणालात, "लावा हवं तर, पण त्यात शेवाळ अडकलं की तो नीट मिटत नाही. त्याच्या भरवशावर आजींचं छत ठेवू नका." पाइप चिकटवायचं सोल्व्हंट लावल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी सोडू दिलं नाहीत. मग पुन्हा आलात, पाणी सोडलंत, पंप मुद्दाम बंद केलात, संप कुठवर भरतो ते पाहिलंत आणि पंप चालू असताना पाणी कुठवर ठेवायचं त्याची रेघ मुलीच्या हातून मार्करने मारून घेतलीत.

हे सगळं कामाचं झालं, त्याची मजुरी तुम्ही घेतलीत. ज्याची घेतली नाहीत ते मला सांगायचंय.

निघताना तुम्ही रद्दीतला पेपर मागितलात. त्याच्या पट्ट्या फाडल्यात आणि एकेका जॉइंटला गुंडाळून वर रबर बँड लावलात. निपलला, एल्बोला, युनियनला, प्रत्येकाला. तुमच्या अंगठ्याच्या नखाभोवती वाळलेलं सोल्व्हंट चिकटलेलं होतं, त्याने पट्टीची कड दाबून बसवत होतात. "बारीक ओल हाताला लागत नाही, कागदाला लागते," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमचा फोन. "कागद कोरडा आहे का?"

मुलगी टॉर्च घेऊन कपाटात शिरली. ती एकेक पट्टी चाचपून सांगत होती, मी फोनवर तुम्हाला सांगत होतो, आणि तुम्ही थांबला होतात. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे तुम्ही कुठल्यातरी दुसऱ्या कामावर निघाला होतात. "निपलच्या खालच्या बाजूला बोट घाल म्हणावं बाळाला." तिथेही कोरडं होतं. "मग झालं," म्हणालात आणि फोन ठेवलात.

काका, त्या आधीच्या माणसाला आम्ही किती फोन केले असतील! आणि तुम्ही, आम्ही न विचारता, पैसे खिशात पडल्यानंतर, स्वतःहून फोन केलात. मला तिथे बोलायला सुचलं नाही. नुसतं हो, हो करत राहिलो. म्हणून हे पत्र.

बाबा शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा एक सिस्टर ड्यूटी संपवून, पर्स खांद्याला अडकवून, पुन्हा एकदा डोकावून जायची. आमच्या नाक्यावरचे एक रिक्षावाले रात्री बाईमाणूस गेटच्या आत गेल्याशिवाय रिक्षा वळवत नाहीत. अशा माणसांवर आपले दिवस चालतात आणि त्यांना कुणी तसं सांगत नाही. बिघडवणाऱ्यांचे किस्से आपण महिनोन् महिने सांगतो. या सोसायटीत तरी तुमचा किस्सा सांगितला जाईल याची जबाबदारी माझी.

आजींच्या छताला आम्ही रंग काढून दिला. टाकी बरेच दिवस माशांविना नुसत्या पाण्यावर चालवली, माशांना घातक असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, मग कुर्ल्याहून मासे आणले. मध्ये दोनदा लाइट गेली. पाणी रेघेच्या वर चढलं, पण संपाच्या काठाला शिवलंसुद्धा नाही.

तुमच्या नातवाला मासे बघायचेत असं तुम्ही म्हणाला होतात. रविवारी त्याला घेऊन या, काकूंनाही आणा. जेवायलाच या. आणि येताना अवजारांची पिशवी घरी ठेवून या.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा टाकीवाला