भोपळ्यावरची कीड आणि रखडलेली फेलोशिप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पीएच.डी. होऊन, तिशी उलटूनही ही मुलं 'पोस्टडॉक' म्हणून अजून किती वर्षं शिकत राहणार आणि करदात्यांनी ते का सोसायचं, असं एका ज्येष्ठ वाचकांनी गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. मी ३४ वर्षांची आहे, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक आहे, तेव्हा उत्तर देणं माझं कामच आहे.

आमची तासगाव भागात द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी झाली की अण्णा आणि बायामाणसं वेलीच्या ओलांड्यांची (आडव्या जाड फांद्यांची) सुटलेली साल खरवडून काढायची. सालीखाली कापसासारखा पांढरा पुंजका असायचा, तो पिठ्या ढेकूण. पुढे घडावर चिकटा, त्यावर काळी बुरशी आणि मुंग्यांची रांग. असा घड व्यापारी हातातही घेत नाही. लहानपणी ज्या किडीला आम्ही शिव्या घातल्या, तीच आज मी प्रयोगशाळेत लाल भोपळ्यांवर वाढवते.

माझा विषय एपिजेनेटिक्स आणि जनुक-नियमन. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण कुठला भाग वाचायचा आणि कुठला मिटून ठेवायचा हे पेशी ठरवते. ते कसं ठरवते, हा आमचा शोध. पिठ्या ढेकणाच्या ज्या जातीवर मी काम करते, तिच्यात दहा गुणसूत्रं असतात, पाच आईकडून, पाच वडिलांकडून. मादीत दहाही चालू. नरात मात्र गर्भ अगदी कोवळा असतानाच वडिलांकडून आलेली पाच घट्ट आवळली जातात आणि जवळजवळ मुकी होतात. असतात, पण बोलत नाहीत. हा नर पुढे बाप होतो तेव्हा शुक्रपेशींतून फक्त आपल्या आईची पाच पुढे देतो, वडिलांची तिथेच संपतात.

हे डोळ्यांना दिसतं, म्हणून मी या किड्याच्या प्रेमात पडले. गर्भ काचपट्टीवर ठेवायचा, एसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. सूक्ष्मदर्शकाखाली मादीच्या पेशी एकसारख्या गुलाबी. नराच्या प्रत्येक पेशीत एका बाजूला गडद ठिपका, बाळाच्या गालावर तीट लावावी तसा. तो ठिपका म्हणजे वडिलांची पाच गुणसूत्रं. पहिल्यांदा दिसला त्या रात्री मी अण्णांना फोन केला होता. ते म्हणाले, "आन् मग औषध कधी निघायचं?" औषध निघेल असं वचन मी त्यांना दिलं नाही, आपल्या वाचकांनाही देत नाही.

मग उपयोग काय? १९६१ साली ब्राऊन आणि नेल्सन-रीस या अमेरिकी संशोधकांनी पिठ्या ढेकणाच्या नरांना क्ष-किरणांचा मोठा मारा दिला. त्यांच्या लेकी मेल्या, मुलगे जगले. बापाकडून आलेली मोडकी गुणसूत्रं लेकींमध्ये चालू होती, मुलांमध्ये बंद. त्याच वर्षी मेरी लायन या ब्रिटिश संशोधिकेने उंदरांवरून मांडलं की सस्तन मादीच्या पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक असंच बंद होतं. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक बाईच्या शरीरात ते घडलेलं आहे, काही पेशींत आईकडचं बंद, काहींत वडिलांकडचं. १९७५ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शरत् चंद्र आणि तेच ब्राऊन यांनी या दोन गोष्टी एकत्र मांडल्या. गुणसूत्रावर ते आईकडून आलं की वडिलांकडून याची खूण असते, हा विचार आज जन्मजात आजारांपासून कर्करोगापर्यंत सगळीकडे लागतो. त्याच्या मुळाशी शेतकऱ्याची ही कीडही आहे आणि एक भारतीय शास्त्रज्ञही, याचा मला अभिमान वाटतो.

आता 'शिकत राहणं'. पीएच.डी.त गाइडच्या प्रश्नावर काम करायला शिकलो. पोस्टडॉकमध्ये प्रश्न माझा असतो. ती पाच गुणसूत्रं मिटायला नेमकी कधी सुरुवात होते आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या कुठल्या मिथाइल (रासायनिक) खुणा तेव्हा आधी येतात, हे मी बघते. एक पिढी व्हायला साधारण महिना. प्रत्येक भोपळ्यावर कागदी पट्टी, तिच्यावर मादी वेगळी केल्याची तारीख. रविवार नाही, दिवाळी नाही. हे काम करणाऱ्याला विद्यार्थी म्हणावं की नोकरदार, ते माझ्या घरमालकांनाही अजून ठरवता आलेलं नाही. भाडेकरारावर त्यांनी 'शिक्षण' लिहिलंय.

पैशाचा आकडा लपवत नाही. केंद्राच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे रिसर्च असोसिएटला, म्हणजे माझ्यासारख्या पोस्टडॉकला, पहिल्या पायरीवर महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडं. आकडा वाईट नाही. माझं दुखणं तारखेचं आहे. मागच्या वर्षी सलग सात महिने खात्यात एक रुपया आला नाही. 'यूसी (आधीचे पैसे खर्च झाल्याचा दाखला) गेलं नाही', 'यूसी गेलं, पण सही राहिली', 'नवीन खातं उघडायचंय', दर वेळी नवं कारण. आठव्या महिन्यात सगळे एकदम आले. तोवर भावाकडून उसने घेतले, मार्केट यार्डातून भोपळे स्वतःच्या पैशाने आणले.

तेही चाललं असतं. पण एप्रिलमध्ये किडे ठराविक तापमानात ठेवणाऱ्या इनक्युबेटरचा कंप्रेसर गेला. दुरुस्तीचं कोटेशन नऊ हजारांचं, आणि कंटिंजन्सीचे, म्हणजे किरकोळ खर्चाचे, पैसे त्याच फाइलमध्ये अडकलेले. आम्ही चौघांनी वर्गणी काढली, पण मेकॅनिक चौथ्या दिवशी आला. आत एकोणचाळीस अंश. भोपळ्यांवरच्या माद्या वाळून पिवळ्या पडल्या होत्या, ब्रशने स्पर्श केला की भुकटी व्हायची. चौदा महिने पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राखलेल्या तीन वंशावळी गेल्या. त्या विकत मिळत नाहीत. मी तारखांच्या पट्ट्या सोलून वहीत चिकटवल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

करदात्यांचा पैसा वाया जातो म्हणतात, तो मी असा जाताना पाहिला. नऊ हजारांसाठी चौदा महिन्यांचा पगार, भोपळे आणि रसायनं गेली. शिवाय पुढच्या कित्येक फेलोशिपना पस्तिशीची अट असते. बायकांना त्यात सवलत मिळते हे खरं, पण फाइलीत गेलेले महिने कोणी वजा करत नाही.

मला जास्त पैसे नकोत. प्रत्येक संस्थेकडे थोडा राखीव निधी असावा, त्यातून पोस्टडॉकचे आणि पीएच.डी.च्या मुलांचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्यावेत आणि केंद्राचा हप्ता आला की तो निधी भरून घ्यावा. कंटिंजन्सीतली निदान पंचवीस हजारांपर्यंतची दुरुस्ती प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या सहीवर त्याच दिवशी व्हावी. आमच्या भागातले खासदार हे पत्र वाचत असतील तर एवढा प्रश्न त्यांनी संसदेत विचारावा, ही हात जोडून विनंती.

नव्या वंशावळीची सध्या पाचवी पिढी चालू आहे. पत्र लिहिणाऱ्या त्या ज्येष्ठ वाचकांनी सवड काढून यावं, मी काचपट्टी लावून तो ठिपका दाखवीन. कृपया माझं नाव छापू नये. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक पोस्टडॉक संशोधिका, पुणे