परकराच्या नाडीबद्दल आभार

मॅडम,

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ‘मॅडम’. सोसायटीतले ओळखायचे ते ओळखतीलच.

गेल्या पावसाळ्यात माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर एक ओळ ठळक आली: अँटी-एसएम पॉझिटिव्ह. ल्युपस आहे, गोळ्या सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर रांग होती. ‘एसएम’ म्हणजे काय, हे विचारायचं राहूनच गेलं. मी कॉमर्सची. रात्रभर मोबाइलवर वाचून एवढंच कळलं, की माझं शरीर माझ्याच पेशींतल्या कुठल्याशा यंत्रावर उठलंय. सकाळी जिन्यात माझा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, “रिपोर्ट घेऊन वर ये.” धीर देणारे पुष्कळ भेटले हो. समजावून सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच.

तुम्ही कपाटातून परकराची कोरी नाडी काढलीत आणि तिच्यावर निळ्या पेनाने मधे मधे पट्टे ओढलेत. डीएनएवरून आरएनएची जी पहिली नक्कल निघते ती अशी, म्हणालात. निळा तो मजकूर, म्हणजे एक्झॉन. मधला पांढरा तो इन्ट्रॉन, तो काढून टाकायचा. मग स्वतःलाच दुरुस्त केलंत: अगदी कोरा नसतो तो, सुरुवातीला बहुधा ‘जीयू’ आणि शेवटी ‘एजी’ अशा खुणा असतात. स्नायूंतल्या डिस्ट्रॉफिनचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं, आणि काटछाट होऊन उरतात जेमतेम १४ हजार. आयुष्य ताळेबंदात गेलं माझं, पण एवढी वजावट कुठे पाहिली नव्हती.

खुणा किती नाजूक असतात तेही सांगितलंत. आपल्या देशात बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका जनुकात पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या जागी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘सी’. एवढ्याने काटछाट करणाऱ्या यंत्राची पकड ढिली पडते, कात्री भलतीकडे चालते आणि आई-वडील दोघांकडूनही असा दोष आला तर मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं.

यंत्राचं नाव स्प्लायसोझोम. हे तयार उभं नसतंच मुळी. मांडववाल्यांसारखं प्रत्येक इन्ट्रॉनपाशी नव्याने उभं राहतं आणि काम झालं की सुटं होतं. पाच मुख्य भाग: यू१, यू२, यू४, यू५, यू६. प्रत्येकात एक छोटा आरएनए आणि त्याला बिलगलेली प्रथिनं. यू१ सुरुवातीची खूण धरतो. यू२ शेवटाच्या थोडं अलीकडचा एक ‘ए’ हेरतो. मग बाकीचे तिघे एकत्र येतात, यू१ आणि यू४ निघून जातात. इथे तुम्ही नाडी कापलीत, पांढऱ्या भागाचं सुटलेलं टोक वळवून त्याच भागातल्या त्या ‘ए’वर टाचणीने टोचलंत. दाव्याचा फास दिसावा तसं झालं. मग दुसरा काप. निळे तुकडे एकमेकांना बांधलेत आणि फास बशीत टाकलात.

“कापलं कोणी?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, प्रथिनांनी. तुम्ही खूश झालात, कारण मी चुकले होते. शंभराहून जास्त प्रथिनं या कामाला जुंपलेली असतात, पण धार असते ती यू६ या आरएनएची, मॅग्नेशियमच्या दोन आयनांच्या मदतीने. हे पक्कं सिद्ध व्हायला २०१३ साल उजाडलं.

आणि मग माझी ओळ. यू१, यू२, यू४, यू५ यांच्या आरएनएभोवती सात प्रथिनांचं एक कडं असतं, तीच ‘एसएम’ प्रथिनं. माझी प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीज, त्या कड्याविरुद्ध आहेत. “म्हणजे माझी काटछाट बंद पडणार?” हे विचारताना माझा आवाज गेला होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की जिवंत पेशीच्या केंद्रकात ती सहसा पोचत नाहीत. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या ऐवजाला ती चिकटतात, ते गोळे मूत्रपिंडात वगैरे अडकतात आणि दाह होतो. म्हणून लघवीची तपासणी चुकवायची नाही. त्या रात्री मी झोपले.

‘एसएम’ ही एका ल्युपसग्रस्त मुलीच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं, हे तुम्ही दार लावता लावता सांगितलंत. तिच्या रक्तातल्या या प्रतिपिंडाची नोंद १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. पुढे येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी अशाच रुग्णांच्या रक्ताचा गळ करून पेशीतून हे छोटे आरएनए ओढून काढले. यू१चं टोक इन्ट्रॉनच्या सुरुवातीशी जुळतं हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि हेच काटछाटीचं यंत्र असावं असं त्यांनी १९८० साली मांडलं. ज्या रक्ताला मी रात्रभर शिव्या घालत होते, तसल्याच रक्ताने हे यंत्र सापडलं होतं.

परवा फाइल उघडली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “हे काय?” टाचणी टोचलेला फास रिपोर्टला स्टेपल केलेला आहे. मी त्यांना दोन मिनिटांत सगळं सांगितलं. रांग होती बाहेर, तरी त्यांनी ऐकलं.

तुमची नाडी काही परत मिळणार नाही. नवी दोन आणली आहेत, वॉचमनकडे ठेवते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची