स्विंग न पाहता ठरवलेला फ्लेक्स : गोल्फ संचाबाबत तक्रार

पुणे,
दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : १८ जानेवारी २०२५ रोजी मोजमाप देऊन मागवलेल्या गोल्फ संचातील चुकीच्या फ्लेक्सचे (लवचीकतेचे) शाफ्ट (क्लबचे दांडे) व ९ क्रमांकाच्या आयर्नमधील दोष यांबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या पुण्यातील दालनातून मी ड्रायव्हर, ३ क्रमांकाचा वूड, एक हायब्रिड आणि ६ क्रमांकापासून पिचिंग वेजपर्यंतचे पाच आयर्न असा आठ क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच १,९४,५०० रुपयांना विकत घेतला. त्याखेरीज फिटिंगचे, म्हणजे खेळाडूच्या मापाने क्लब ठरवण्याचे, ३,५०० रुपये मी वेगळे भरले. संच २७ फेब्रुवारी रोजी माझ्या हाती आला. त्यातील आठही क्लबांना लेडीज, म्हणजे सर्वांत मऊ फ्लेक्सचे शाफ्ट बसवलेले आहेत, आणि ते माझ्या स्विंगला चालणारे नाहीत हे आपल्याच दालनातील यंत्राने खरेदीपूर्वी दाखवलेले होते. २४ मार्च व ११ एप्रिल रोजी मी ई-मेलने तक्रार केली. दोन्ही वेळा मिळालेल्या उत्तरात माझ्या एकाही आकड्याचा उल्लेख नव्हता, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे.

फिटिंगच्या दिवशी काय घडले ते आधी नोंदवते. मी गेली सहा वर्षे येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर खेळते आणि या सहाही वर्षांत मी एका सहकाऱ्याकडून घेतलेला, रेग्युलर फ्लेक्सचा पुरुषांचा जुना संच वापरला. महाविद्यालयात असताना मी भालाफेक करत असे. खांदा आणि कंबर फिरवण्याची ती सवय गोल्फमध्येही उतरली असावी, कारण माझा स्विंग वेगवान आहे आणि बॅकस्विंग संपून खाली येण्याचा क्षण विशेष झटक्याचा आहे. हे सारे मी आपल्या फिटरना सुरुवातीलाच सांगितले होते. त्यांनी माझ्याकडून ६ क्रमांकाच्या आयर्नने सहा आणि ड्रायव्हरने चार चेंडू मारून घेतले, पण मारण्यासाठी दिलेले दोन्ही क्लब लेडीज फ्लेक्सचेच होते. रेग्युलर किंवा सीनियर फ्लेक्सचा एकही क्लब त्यांनी माझ्या हाती दिला नाही. लाँच मॉनिटरवर, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्रावर, ड्रायव्हरच्या हेडचा (चेंडूवर आदळणाऱ्या भागाचा) सरासरी वेग ताशी ८९ मैल आला. तो आकडा माझ्या फिटिंग पत्रकावर छापलेला आहे आणि त्याच पत्रकात, त्याच आकड्याच्या खाली, "शिफारस : लेडीज" असे लिहिलेले आहे.

फ्लेक्स निवडण्याचे जे ढोबळ तक्ते या व्यवसायात सर्वत्र वापरले जातात, त्यांत ड्रायव्हरचा वेग ताशी ७५ मैलांच्या खाली असेल तर लेडीज, ७५ ते ८५ असेल तर सीनियर, ८५ ते ९५ असेल तर रेग्युलर, ९५ ते १०५ असेल तर स्टिफ आणि त्यापुढे एक्स्ट्रा स्टिफ असे सांगितलेले असते. उत्पादकागणिक या सीमा थोड्या मागेपुढे होतात हे मला मान्य आहे, तरीही ८९ हा आकडा लेडीजच्या रकान्यात बसेल असा तक्ता मी पाहिलेला नाही. मग शिफारस कशावरून झाली? माझ्या २४ मार्चच्या तक्रारीला आपण २ एप्रिल रोजी दिलेल्या उत्तरात त्याचा खुलासा आहे : "महिला ग्राहकांसाठी लेडीज फ्लेक्स ही आमची प्रमाणित शिफारस आहे." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. शाफ्ट स्त्रीच्या हातात आहे की पुरुषाच्या, हे शाफ्टला कळत नाही. त्याच्यावर किती जोर, किती झपाट्याने आणि स्विंगच्या कोणत्या क्षणी येतो एवढ्यावरच तो किती वाकेल हे ठरते. मंद लयीत खेळणाऱ्या पासष्टीच्या गृहस्थांना सीनियर किंवा त्याहूनही मऊ शाफ्ट उत्तम चालेल आणि वेगाने खेळणाऱ्या तरुण मुलीला स्टिफ लागेल. लेडीज आणि सीनियर ही नावे जुन्या काळापासून चालत आली आहेत. पण नाव वाचून गिऱ्हाईक ठरवायचे असेल तर मोजमाप घेण्याचे पैसे कशासाठी घ्यायचे?

मी भोसरीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात बावीस वर्षे काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बोल्टवर ८.८ असा शिक्का असेल तर तो कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, त्याची ताणशक्ती किमान किती असणार हे आम्हाला ठाऊक असते, कारण त्या शिक्क्यामागे सर्वांनी मान्य केलेले मानक आहे. शाफ्टवरच्या अक्षरांमागे असे कोणतेही सामाईक मानक नाही. एका उत्पादकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका ताठ असू शकतो, आणि एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांमध्येही फरक आढळतो. म्हणूनच अक्षरावर विसंबून न राहता प्रत्यक्ष मोजणे आणि निरनिराळे शाफ्ट मारून पाहणे हे फिटरचे खरे काम आहे, आणि त्याच कामासाठी मी आपल्याकडे आले होते.

चुकीच्या फ्लेक्सने नेमके काय होते ते इथे मांडणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या दुसऱ्या उत्तरात मला "नियमित सराव व प्रशिक्षण" घेण्याचा सल्ला देण्यात आला आहे. स्विंग खाली येऊ लागताना हात पुढे ओढतात आणि जड हेड मागे राहते, त्यामुळे शाफ्ट मागे वाकतो. चेंडूजवळ येईपर्यंत स्थिती उलटते. हेडचे गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षावर नसून किंचित मागे आणि बाजूला असते. वेगामुळे बाहेर ओढले जाणारे हेड स्वतःला हातांच्या रेषेत आणू पाहते, आणि शाफ्ट पुढे वाकून हेडचे टोक थोडे खाली झुकते. या पुढच्या वाकण्याने हेडचा लॉफ्ट, म्हणजे त्याच्या चेहऱ्याचा वरच्या दिशेचा कल, वाढतो आणि तो चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) थोडा मिटतो. शाफ्ट जितका मऊ आणि खाली येण्याचा झटका जितका मोठा, तितके हे सारे अधिक घडते. उजव्या हाताने खेळणाऱ्या माझ्यासारख्या व्यक्तीचा चेंडू मग गरजेपेक्षा उंच चढतो आणि डावीकडे वळतो. हा अटळ नियम नाही, कारण काही खेळाडू नकळत हात सांभाळून त्याची भरपाई करतात. मीही तेच करू लागले, आणि ही भरपाई कधी साधते, कधी साधत नाही. गेल्या दोन महिन्यांत माझ्या खेळातून सातत्य जे गेले ते यामुळेच. फेब्रुवारीत १६.४ असलेला माझा हँडिकॅप इंडेक्स (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) एप्रिलअखेर १८.९ वर गेला आहे. माझ्या प्रशिक्षकांनी मार्चमध्ये दोन तास माझा स्विंग पाहिला आणि त्यात बदल करण्यापूर्वी जुना ड्रायव्हर घेऊन या, असे सांगितले. जुन्या ड्रायव्हरने मारलेले चेंडू सरळ गेले.

तरीही केवळ एका जुन्या क्लबच्या आधारे तक्रार करणे मला योग्य वाटले नाही. म्हणून १९ एप्रिल रोजी मी संच क्लब बांधणाऱ्या एका स्वतंत्र कारागिरांकडे नेला. आपल्या ड्रायव्हरच्या हेडला अडॅप्टर आहे, त्यामुळे किल्लीने शाफ्ट काढून दुसरा बसवता येतो. हेड तेच, लॉफ्ट तोच, लांबी दोन्हीकडे ४४ इंच, फक्त शाफ्ट वेगळा, अशी चाचणी त्यामुळे करता आली. थकव्याचा परिणाम एकाच बाजूला जाऊ नये म्हणून मी पाच-पाच चेंडू आलटून पालटून, दोन्ही शाफ्टने एकूण वीस-वीस चेंडू मारले. आपला ४२ ग्रॅमचा लेडीज शाफ्ट आणि त्यांच्याकडील ५५ ग्रॅमचा रेग्युलर शाफ्ट यांची तुलना अशी आली : हेडचा वेग अनुक्रमे ८९ व ९० मैल, म्हणजे जवळपास सारखाच, चेंडू सुटण्याचा कोन १६ व १४.५ अंश, फिरकी मिनिटाला ३,५०० व ३,०५० फेरे, हवेतील सरासरी अंतर १८१ व १९३ यार्ड. पण माझ्या दृष्टीने यांतला एकही आकडा मुख्य नाही. शाफ्ट बदलल्याने अंतर जादूने वाढते अशी जाहिरात अनेक जण करतात, ती मला पटत नाही. खरा फरक डावी-उजवीकडच्या फैलावात दिसला. लेडीज शाफ्टने मारलेले वीस चेंडू ५२ यार्डांच्या पट्ट्यात पसरले होते, तर रेग्युलरने मारलेले २८ यार्डांच्या. पहिल्या पट्ट्यातले चेंडू झाडीत जातात आणि दुसऱ्यातले बहुतांशी फेअरवेवर, म्हणजे मधल्या मोकळ्या गवताळ वाटेवर, राहतात. हलक्या शाफ्टमुळे हात घाई करतात आणि हेड कुठे आहे याची जाणीव हरवते, हे मला त्या दिवशी सलग अनुभवता आले. फ्लेक्सबरोबर वजनही पाहिले पाहिजे, आणि आपल्या पत्रकात वजनाचा रकाना कोराच आहे.

कारागिरांनी त्यानंतर प्रत्येक क्लबची मूठ यंत्रात आवळून त्याची कंपनसंख्या मोजली. टोकाला हेड असलेला शाफ्ट वाकवून सोडला की तो मिनिटाला किती वेळा झुलतो, त्यावरून त्याचा ताठपणा कळतो. अक्षरापेक्षा हे माप अधिक विश्वासार्ह आहे. आपला ड्रायव्हर २१६ आणि तुलनेचा रेग्युलर २४८ आला. आयर्नच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट उघड झाली. क्लब आखूड होत जातो तशी कंपनसंख्या टप्प्याटप्प्याने वाढत गेली पाहिजे. आपल्या संचात ६ क्रमांक २७०, ७ क्रमांक २७५, ८ क्रमांक २७९, ९ क्रमांक २७१ आणि पिचिंग वेज २८८ अशी ती आली. म्हणजे ९ क्रमांकाचा आयर्न ८ पेक्षा आखूड असूनही त्याच्याहून मऊ आहे आणि जवळजवळ ६ क्रमांकाइतका लवतो. शाफ्टचे टोक चुकीच्या मापाने कापले गेले किंवा दुसऱ्याच क्लबसाठीचा शाफ्ट बसवला गेला, याखेरीज मला दुसरे कारण दिसत नाही. आमच्या कारखान्यात असा तुकडा पेटीत जाऊच दिला नसता. हिकोरीच्या लाकडी शाफ्टच्या काळात प्रत्येक क्लबचा स्वभाव वेगळा असे आणि खेळाडू हाताने वाकवून पाहून एकेक निवडत असत. अमेरिकेत १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या आर. अँड ए. या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडून १९२९ मध्ये पोलादी शाफ्टला मान्यता मिळाल्यावर सारख्या स्वभावाचा जुळवलेला संच बनवणे सोपे झाले. शतकभरानंतर ग्राफाइटचे शाफ्ट लावून, जुळवलेला म्हणून विकलेल्या संचात एक क्लब बेसूर निघावा, हे मला मान्य नाही.

आपल्या दोन्ही उत्तरांत, ग्राहकाच्या मापाने बनवलेली वस्तू परत घेतली जात नाही, असे म्हटले आहे. हा नियम मी समजू शकते; मी मागितली तशी वस्तू मिळाली असती आणि नंतर माझे मन बदलले असते, तर मी एक अक्षर लिहिले नसते. पण हा संच माझ्या मापाने बनवलेलाच नाही. माप घेतले गेले, ते कागदावर छापले गेले आणि नंतर बाजूला ठेवले गेले. मापात पाप नको, असे आमच्या विभागात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितले जाते, आणि मोजूनही माप न वापरणे हा माझ्या मते त्याचाच एक प्रकार आहे. ९ क्रमांकाच्या आयर्नचा दोष तर फ्लेक्सच्या निवडीशीही संबंधित नाही, तो सरळ उत्पादनातील दोष आहे. सदोष वस्तू परत घेण्यास आणि तिची किंमत देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा ठरते, याकडे मी आपले लक्ष वेधते.

माझी मागणी अशी आहे. आपण माझे फिटिंग नव्याने व विनामूल्य करावे, त्यात सीनियर, रेग्युलर आणि स्टिफ अशा किमान तीन फ्लेक्सचे आणि वेगवेगळ्या वजनांचे शाफ्ट मला प्रत्यक्ष मारून पाहू द्यावेत, आणि त्यातून जे ठरेल त्यानुसार आठही क्लबांचे शाफ्ट आपल्या खर्चाने बदलून द्यावेत. हेडबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ती उत्तम आहेत आणि ती ठेवण्यास मी तयार आहे. बदललेल्या प्रत्येक क्लबची कंपनसंख्या, लांबी आणि वजन लेखी द्यावे. हे शक्य नसेल तर संच परत घेऊन फिटिंगच्या शुल्कासह १,९८,००० रुपये परत करावेत. ९ क्रमांकाच्या आयर्नबाबत लेखी खुलासा मला दोन्ही परिस्थितींत हवा आहे.

याशिवाय एक विनंती आहे आणि तिचा माझ्या पैशांशी संबंध नाही. आमच्या कोर्सवर गेल्या काही वर्षांत शाळकरी मुली मोठ्या संख्येने खेळू लागल्या आहेत. त्यांतल्या दोघी माझ्याहून वेगाने मारतात. त्यांचे पालक पहिला संच घेण्यासाठी आपल्या दालनात येतील तेव्हा फिटरच्या हातात सर्वप्रथम येणारा क्लब त्यांच्या वेगावरून निवडलेला असावा, एवढी सूचना आपण आपल्या दालनांना द्यावी. एखाद्या मुलीचा चेंडू सतत डावीकडे जातो म्हणून तिने आपला चांगला स्विंग मोडून टाकावा, आणि दोष मात्र शाफ्टचा असावा, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

या पत्राचे उत्तर आपण पंधरा दिवसांत द्यावे. तसे न झाल्यास मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पत्रासोबत खरेदीची पावती, १८ जानेवारीचे फिटिंग पत्रक, १९ एप्रिलच्या चाचणीचे आकडे, कारागिरांनी सही करून दिलेला कंपनसंख्येचा तक्ता आणि आपल्या दोन्ही उत्तरांच्या प्रती जोडल्या आहेत. चाचणीनंतर मी हा संच वापरणे थांबवले आहे. क्लब जसेच्या तसे माझ्याकडे आहेत आणि आपल्या प्रतिनिधींना ते कोणत्याही शनिवारी सकाळी येरवड्याला येऊन तपासता येतील. तपासणीच्या वेळी त्यांनी कंपनसंख्या मोजण्याचे यंत्र सोबत आणावे.

आपली नम्र,
एक ग्राहक, पुणे