डबा बदलण्याआधी रिले बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या स्पोर्ट्स कारवरचा लेख वाचला. हौसेनं लिहिलाय, फोटोही झकास. पण ‘इंजिन अडखळायला लागलं तर सरळ कॉम्प्युटर बदलावा, नेटवर सेकंडहँड मिळतो’ हे वाक्य वाचून राहवलं नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. असे बदललेले डबे, म्हणजे इंजिनाचे कॉम्प्युटर, शेवटी आमच्याच टेबलावर येतात.

लेखातली गाडी पोर्शे ९११ कॅरेरा ३.२, म्हणजे १९८४ ते १९८९ ची मॉडेलं. हिला बॉशची मोट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. पेट्रोल किती फवारायचं आणि ठिणगी कधी पाडायची, दोन्ही एकच डबा ठरवतो. डबा डाव्या सीटखाली, आणि शेजारीच डीएमई (डिजिटल मोटर इलेक्ट्रॉनिक्स) रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा स्विच. त्या रिलेच्या खोक्यात खरं तर दोन रिले आहेत, एक डब्याला करंट देतो आणि दुसरा पेट्रोल पंपाला. तीस-चाळीस वर्षांच्या उष्णतेनं आणि हादऱ्यांनी आतल्या सोल्डरला पिनेभोवती बारीक गोल चीर पडते, भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. मग गाडी तापली की बंद पडते, गार झाली की मुकाट्यानं चालू होते. मालक म्हणतो, कॉम्प्युटर गेला. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! मुरलेले मालक जादा रिले गाडीतच ठेवतात.

रिले ठीक असेल तर फ्लायव्हीलजवळचे, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाजवळचे, दोन सेन्सर बघायचे. एक वेग मोजतो, दुसरा फ्लायव्हीलची जागा सांगतो. सेन्सर आणि चाकातली फट फक्त ०.८ मिलिमीटर, आणि दोघांचे प्लग सारखेच, त्यामुळे उलटसुलट लागले की गाडी चालूच होत नाही. स्टार्टर मारताना इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या काट्याकडे बघावं. काटा जरासा हलला तर सिग्नल येतोय. ढिम्म राहिला तर रिले, सेन्सर आणि त्यांच्या वायरी तपासल्याशिवाय डब्याला हात लावू नये. सिलिंडर हेडच्या तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली तर डब्याला वाटतं इंजिन गारठलंय, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. स्पार्क प्लग काळेकुट्ट. यातही डब्याचा दोष काय?

आता बदललेला डबा. ३५ पिनांचा प्लग बसला म्हणून डबा जुळला, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. १९८६ पर्यंतच्या डब्यात प्रोग्राम साठवलेल्या चिपला २४ पाय, १९८७ पासून २८. बाहेरून ओळखू येत नाही. युरोपातल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.३, ताकद २३१ हॉर्सपॉवर. अमेरिकेतल्याचं ९.५, शिवाय त्याला धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. युरोपचा डबा अमेरिकेच्या गाडीला लावला तर ती चालते, हीच तर पंचाईत. लॅम्बडा सेन्सरचं ऐकायला कुणी उरत नाही, आणि जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरला तापवत राहतं.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक गाडी आली. नेटवरून घेतलेला डबा, स्टिकर खरवडलेला. मूळ डबा विक्रेत्यानं या डब्याच्या बदल्यात ठेवून घेतला होता. सीट काढून गालिचा उचलला तर खाली ओल. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपत होतं आणि डब्याच्या प्लगमधल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पिना बदलल्या, रबर बदललं, अडखळणं थांबलं. मूळ डबा मात्र मालक अजून शोधतोय.

हवं तसं सेटिंग करता येणाऱ्या प्रोग्रामेबल डब्यांच्या मी विरोधात नाही. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो मीटरचा ट्रॅक झिजला आणि पार्ट मिळेना, तर माणूस करणार काय? पण मग सेन्सर, वायरिंग, ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावरचं ट्यूनिंग सगळं नीट करावं. इथे उत्सर्जन बिघडवणारा बदल मंजुरीशिवाय केला तर गाडीचा परवानाच धोक्यात येतो, आणि तीस वर्षांवरच्या गाडीला मिळणारी ‘एच’ नंबरप्लेटही. ती प्लेट असली की कर वर्षाला जेमतेम १९१ युरो. १९९८ पासूनच्या ९११ मध्ये, म्हणजे ९९६ या पिढीत, तर डबा चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरशी बांधलेला, कोड जुळला नाही तर इंजिन चालूच होत नाही.

लेखातल्या म्युनिकच्या मराठी इंजिनिअरांनी नवा डबा मागवलाय असं दिसतं. त्यांनी दोन्ही डब्यांवरचे बॉशचे ०२६१ ने सुरू होणारे आणि पोर्शेचे ९११.६१८ ने सुरू होणारे नंबर आपल्यामार्फत कळवावेत, जुळतात का ते मी बघून सांगतो. तोवर जुना डबा कुणाला देऊ नये.

आपला,
एक वाचक, श्टुटगार्ट