सुया घ्या, पण गोळी सोडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा आमच्याकडे होतं. गूळपोळ्या मी स्वतः लाटल्या होत्या. गेल्या वर्षी माझ्या हातून लाटणं धरवत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचायचा उपचार, घेतेय. तेवढंच म्हटलं, ही माझी चूक. पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी, माझ्यासारखीच स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमधून गेलेली, ते ऐकून घरी गेली आणि तिने रोजची हार्मोन रोखणारी गोळी बंद केली. मला तीन आठवड्यांनी कळलं. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून हे पत्र.

मी 61 वर्षांची, निवृत्त शिक्षिका. उजव्या बाजूचं ऑपरेशन, केमो, रेडिएशनचा शेक सगळं पार पडलं. आता रोज एक लेट्रोझोल, निदान पाच वर्षं. माझ्या प्रकारची गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसते आणि ही गोळी शरीरात ते तयारच होऊ देत नाही. पण तिच्यामुळे सांधे धरतात. त्यात ग्वाल्हेरची जानेवारीतली सकाळ! मूठ मिटायची नाही. दुधाची पिशवी दातांनी फाडायची, निऱ्या सुनेने घालून द्यायच्या, जिना एकेका पायरीवर बसत उतरायचा. कंटाळून मीही चार-सहा दिवस गोळी चुकवली होती, हे लपवत नाही. म्हणून त्या मुलीला बोल लावायला माझी जीभ धजत नाही.

सुयांचं नाव कुणीतरी सुचवलं. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले, त्यांनी ऑपरेशन कुठल्या बाजूचं हेही विचारलं नाही. "या गोळ्या बंद करा, महिन्याभरात मोकळ्या व्हाल," म्हणाले. मी पर्स उचलून बाहेर पडले.

मग माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच सरळ विचारलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तपासून घेतल्या, ओळखीच्या अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि बजावलं, उजव्या हाताला सुई नको. त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजायची भीती असते.

पहिल्या दिवशी घशाला कोरड पडली होती. केमोच्या वेळी शीर सापडेना म्हणून किती टोचून घेतलं होतं, ते सगळं आठवलं. पण सुई निघाली केसासारखी. माझ्यासमोर सीलबंद पाकीट फोडलं, बारीकशी नळी डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी टेकवली, वरून बोटाने टिचकी मारली, झालं. मुंगीने चिमटा घ्यावा तेवढंच. मग मात्र आतून एक जडपणा कोपरापर्यंत चढत गेला. दुखत नव्हतं. मांडी घालून बसल्यावर पाय भरून येतो ना, तसं काहीसं. गुडघ्यांभोवती, पावलांवर, कानावर अशा बारा-तेरा सुया. हीटर लावून अर्धा तास पडून राहायचं. मी मनात रामरक्षा म्हणत होते, ती कुठवर आली होती कोण जाणे, डोळा लागला.

त्या दिवशी फरक काहीच पडला नाही. सहाव्या-सातव्या वेळेनंतर एका सकाळी मी जिना उभ्याने उतरले, आणि खाली आल्यावर ते माझ्या लक्षात आलं. आजही बोटं पूर्ण मोकळी नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, 2018 साली अमेरिकेत अशाच गोळ्या घेणाऱ्या 226 बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खऱ्या सुया घेणाऱ्यांचं दुखणं नुसत्या नावापुरत्या सुया घेणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं, पण ते दुखण्याच्या दहा गुणांच्या मापावर जेमतेम एका गुणाने. मला तो एक गुण फार मोलाचा आहे, त्यानेच माझी गोळी सुरू राहिली. गाठीवर मात्र सुयांचा काही इलाज नाही, हे मला हळदीकुंकवाच्या दिवशीच सांगायला हवं होतं.

माझं माहेर सोलापूरचं. 1938 साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले आमचे डॉ. कोटणीस लहानपणापासून ऐकलेले. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे ही विद्या बंगालमध्ये घेऊन आले. केंद्र सरकारने 2019 मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मग कॅन्सरच्या वॉर्डालगतच एक खोली तिच्यासाठी का नसावी? रक्ताचा रिपोर्ट तिथेच असतो, कुठल्या हाताला सुई नको हेही तिथेच ठाऊक असतं. बायकांना चोरून कुठेतरी जायची वेळ येणार नाही.

आणि आपल्याला एक कळकळीची विनंती. 'कॅन्सर हमखास बरा' अशा जाहिराती 1954 च्या कायद्यानेच निषिद्ध आहेत. छोट्या जाहिरातींच्या रकान्यातसुद्धा त्या येऊ देऊ नका. आमच्या घरांत आपला अंक पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जातो.

त्या मुलीला मी परवा तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. मंगळवारी सुयांना मी जाते, तेव्हा तीही बरोबर येणार आहे. तिची डावी बाजू आहे, ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये)
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर