लंडनच्या ब्रिक लेनमधल्या मशिदीतल्या चाचांना

प्रिय चाचा,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. शनिवारी येऊन मीच वाचून दाखवीन. पण तुम्ही काय केलंत ते आमच्या माणसांनाही कळावं, म्हणून मराठीत लिहिते आहे.

त्या संध्याकाळी फोर्निये स्ट्रीटच्या बाजूच्या भिंतीवरचं सूर्यघड्याळ बघत मी उभी होते. त्यावर १७४३ साल आणि दोन लॅटिन शब्द. ‘आपण सावली आहोत,’ असा अर्थ तुम्ही सांगितलात आणि आत नेलंत. फ्रान्समधून छळामुळे परागंदा झालेल्या ह्यूगनॉ, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, लोकांचं हे चर्च. १८१९ मध्ये ते मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांकडे गेलं, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि १९७६ मध्ये तुम्हा बांगलादेशातल्या सिल्हेटच्या लोकांची मशीद. आपलं गाव सोडून आलेलं प्रत्येक माणूस या भिंतींच्या आधाराला आलं, हे सांगताना तुम्ही भिंतीवर हात ठेवला होता.

दाराशी लहान मुलांचे बूट होते, काहींच्या नाड्या अजून बांधलेल्याच. आत बांगला शिकवणी चालली होती. एका चिमुरडीच्या वहीत पानभर ‘क’ गिरवलेला. अक्षर बांगला, पण मला ओळखता आलं! आणि तिथेच रडू आलं. माझी मुलगी सात वर्षांची. आजीचा फोन आला की इंग्रजीत उत्तर देते, आणि आजी गप्प होऊन फोन आजोबांकडे देते. हे मी घरात कुणाला बोलले नव्हते, तुम्हाला बोलून गेले.

तुम्ही एवढंच विचारलंत, “मराठी शिकायला मुलं किती आहेत?” पाच, म्हटलं. “पुष्कळ झाली.” लगेच ओळखीच्यांना फोन लावून शनिवारी सकाळी एक खोली मिळवून दिलीत. वार बदलायचा नाही आणि दोनच मुलं आली तरी वर्ग भरवायचा, हे बजावलंत. पहिल्या शनिवारी तिघं आली. चौथे तुम्ही, बिस्किटांचा डबा घेऊन.

नंतर एकदा अल्ताब अली पार्कात नेलंत. ४ मे १९७८ ला अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला, तेव्हा शवपेटीमागून हजारो लोक पंतप्रधानांच्या दारी, डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. त्यांत तुम्हीही होता. त्याच पार्कात ढाक्याच्या शहीद मिनारची प्रतिकृती आहे. १९५२ च्या २१ फेब्रुवारीला बांगला भाषेसाठी जीव दिलेल्यांची आठवण. तिथे तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत, आणि मीही काही विचारलं नाही.

आमचा मराठी भाषा दिन त्यानंतर सहाच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला. आता अकरा मुलं आहेत. ती कविता म्हणणार आहेत. पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची. चाचीजींनाही घेऊन या. बिस्किटं या वेळी आम्ही आणू.

मनापासून आभार, चाचा.

तुमची,
शनिवारच्या वर्गाची बाई